रिपोर्ट नॉर्मल आहे, पण तो नॉर्मल ठेवायला शरीर काय मोजतंय?

स्वरदा_परळ | १२ मे, रात्री ९:४०

मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. तापमानाचा धडा आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, एवढ्या उकाड्यातही थर्मामीटर ३७ च दाखवतो, मग माणूस गळून का जातो?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे आणि पुस्तकातली व्याख्या पाठ करून त्याचं उत्तर मिळत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

व्याख्या सगळ्यांना माहीत असते. बाहेर काहीही होवो, शरीर आतली परिस्थिती ठरावीक मर्यादेत राखतं. तापमान ३७ अंशांच्या आसपास, रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचा तोल) ७.३५ ते ७.४५, सोडियम १३५ ते १४५, उपाशीपोटी साखर ७० ते १००. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे हेरलं होतं. आपल्या पेशी हवेत राहत नाहीत, त्या आतल्या द्रवात राहतात. तो द्रव स्थिर असेल तरच प्राणी बाहेरच्या हवामानाच्या तावडीतून मोकळा होतो. पुढे १९२६ मध्ये वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं.

आता मुंबईतला मे महिना घ्या. नुसता बसलेला माणूसही ८० ते १०० वॉट उष्णता तयार करत असतो. ती बाहेर पडायचे सगळे रस्ते बंद केले तर अंगाचं तापमान तासाला साधारण एक अंशाने चढेल. हवा ३४ अंश आणि कातडी ३५ अंश असेल तर नुसत्या हवेला उष्णता देऊन काही साधत नाही, फरकच उरत नाही. मग एकच रस्ता राहतो, घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तर! हनुवटीवरून टपकला, बनियनमध्ये मुरला, तर पाणी आणि मीठ दोन्ही गेलं, थंडावा मात्र मिळाला नाही. दमट हवेत बहुतेक घाम असाच वाया जातो, म्हणून शरीर आणखी घाम काढतं.

आणि ही उष्णता आतून कातडीपर्यंत आणायची कुणी? रक्ताने. एरवी कातडीकडे मिनिटाला अर्धा लिटरही रक्त जात नाही. कडक उष्म्यात ते सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. विश्रांतीत हृदय अख्ख्या शरीराला मिळूनच पाच लिटर देतं, हे लक्षात घ्या. मग नाडी वाढते, आतड्यांचं आणि मूत्रपिंडांचं रक्त कमी केलं जातं. घामाने रक्तातलं पाणी घटत असतं, तेव्हा मेंदूतून एडीएच आणि अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स सुटतात, मूत्रपिंडं पाणी आणि मीठ धरून ठेवतात, लघवी कमी आणि गडद होते. पोटात रक्त कमी म्हणून अन्नावरची वासना जाते. एवढा सगळा खटाटोप चालू असतो आणि थर्मामीटर म्हणतो ३७.

एखाद्या घराचा कर्जाचा हप्ता कधी चुकत नाही, म्हणून त्या घरात चणचण नाही असं आपण म्हणत नाही. हप्ता भरायला काय काय थांबवलंय ते बघावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की शरीराने काही आकडे जिवापाड जपलेत आणि ते जपण्यासाठी बाकीचे मोकळे सोडलेत. तापमान, रक्तदाब, सोडियम, पीएच, साखर, रक्तातलं कॅल्शियम हे जपलेले. नाडी, श्वासाचा वेग, लघवीचं प्रमाण, इन्सुलिन, हाडांतलं कॅल्शियम हे मोकळे सोडलेले, म्हणजे ज्यांच्या जिवावर पहिले सांभाळले जातात ते. आपण तपासतो जपलेले आकडे. ते बिघडतात सगळ्यात शेवटी.

उष्म्यापुरतं हे नाही. पोट सुटत जातं तसा शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद कमी होतो, पण स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वर्षानुवर्षं उपाशीपोटीची साखर नव्वदच्या घरात ठेवतं. रिपोर्ट नॉर्मल. स्वादुपिंड थकलं की मग साखर चढते आणि आपण म्हणतो डायबेटिस "अचानक" निघाला. मूत्रपिंडं बाहेर टाकतात त्या क्रिएटिनिनचंही, म्हणजे रक्तातल्या एका टाकाऊ द्रव्याचंही, तेच. मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी क्षमता जाईपर्यंत तो आकडा बऱ्याचदा मर्यादेतच असतो. हाडं ठिसूळ झालेल्या बाईचं रक्तातलं कॅल्शियम बहुधा ठणठणीत असतं, कारण कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढून रक्तात आणते. हृदयाला ठोका द्यायला आणि स्नायूला आकसायला कॅल्शियम याच क्षणी लागतं, हाड मनगटाशी मोडेल ते पुढे कधीतरी.

तुमचे अनुभव, शंका, मतभेद, सगळं लिहा.

कांदेपोहे_रविवारी | १२ मे, रात्री १०:०५

वा ताई, बैठक मारून वाचलं. "बिघडतात सगळ्यात शेवटी" हे डोक्यात राहणार.

विरारफास्ट | १२ मे, रात्री १०:३१

ताई, एक शंका. सकाळी गाडीत दाराच्या आतल्या बाजूला उभा असतो. हलायलाही जागा नसते. परवा बोरिवलीनंतर डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात शीळ वाजायला लागली. बाजूच्या दोघांनी काखेत हात घालून उभं धरलं म्हणून पडलो नाही. अंधेरीला उतरून बाकावर आडवा झालो तसा दोन मिनिटांत ठीक. डॉक्टरांनी बीपी घेतलं, ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. मग झालं काय होतं?

स्वरदा_परळ | १२ मे, रात्री ११:०२

@विरारफास्ट दादा, ईसीजी करून घेतलात ते बरं केलंत, पहिली पायरी तीच.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली पोट आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या मोठ्या धमनीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात, ते लगेच कळवतात, नाडी वाढते, पायातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, दाब टिकतो. पण उकाड्यात कातडीच्या रक्तवाहिन्या उष्णता घालवायला उघड्या ठेवायच्या असतात आणि दाब टिकवायला आवळायच्या असतात. दोन्ही एकदम जमत नाही. त्यात रक्त वर ढकलायचं पोटऱ्यांचं काम तुम्हाला हलताच येत नसल्याने बंद. अंगातलं पाणीही कमी. मग कधीतरी नाडी एकाएकी मंदावते, दाब कोसळतो आणि अंधारी येते. तुम्ही आडवे झालात, रक्त परत मेंदूकडे आलं.

यात एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. गर्दीत कुणी असं ढासळलं तर त्याला उभं धरून ठेवू नका. धरणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मेंदूला रक्त मिळत नाही म्हणूनच तो पडतोय. जमेल तिथे आडवं करा, पाय उचला. आणि गाडीत उभं असताना टाचा वर-खाली करणं, मांड्या आवळून सोडणं हे जागेवरच करता येतं, त्याने खरंच फरक पडतो. पुन्हा झालं, किंवा बसलेलं असताना, धावताना झालं, छातीत धडधडून झालं, तर मात्र परत डॉक्टरांकडे जा.

रातपाळी | १३ मे, पहाटे ५:१२

ड्यूटी संपवून लिहितेय. मी कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे. ताईंनी मांडलेला मुद्दा आम्ही रोज डोळ्यांनी बघतो, म्हणून राहवलं नाही.

अपघाताचा पेशंट येतो. नातेवाईक मॉनिटरकडे बघून म्हणतात, "बीपी १२० आहे ना सिस्टर, म्हणजे ठीक आहे." रक्त गेलेलं असलं तरी तरुण माणसाचं शरीर बीपी पडू देत नाही. हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळते, नाडी १२० वर नेते. पाव हिस्सा रक्त गेलं तरी वरचं बीपी जागेवर असू शकतं. मी आधी काय बघते सांगू? तळहात गार आणि ओलसर आहे का. नखावर दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत येतो का. श्वास मिनिटाला किती. पेशंट उगाच बेचैन आहे का, पाणी पाणी करतोय का. लघवीच्या पिशवीत तासाभरात किती उतरलं. बीपी पडायला लागलं की समजायचं, शरीराकडचे उपाय संपत आले. लहान मुलांमध्ये आणि बाळंतिणींमध्ये तर ते फार उशिरा पडतं आणि पडलं की धाडकन पडतं.

सिनियर सिस्टरांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, मशीन लावायच्या आधी हात हातात घे. ते मी आजही करते आणि नव्या मुलींनाही करायला लावते.

संत्रानगरी | १३ मे, सकाळी ९:२०

मी मूळचा नागपूरचा, आता मुलुंडला असतो. आमच्याकडे पारा ४४ ला गेला तरी लोक दुपट्टा बांधून कामं करतात, आणि इथे ३४ ला लोक हाय हाय करतात असं मला वाटायचं. पण खरं सांगतो, इथला ३४ मलाच जास्त जड जातो. हे मनाचे खेळ आहेत की याला काही आधार आहे?

स्वरदा_परळ | १३ मे, दुपारी १:४५

@संत्रानगरी, भक्कम आधार आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओला कपडा गुंडाळून वारा लागू दिला की जे तापमान दिसतं ते ओल्या फुग्याचं तापमान, म्हणजे वेट बल्ब. घाम वाळून हवा तुम्हाला जास्तीत जास्त किती गार करू शकते, याची ती खालची हद्द. नागपूरला ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर ते २३ च्या आसपास येतं. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के धरली तर २८ च्या वर जातं. म्हणजे घामाच्या बाबतीत मुंबई पाच अंशांनी वाईट.

१७७५ मध्ये इंग्लंडमधल्या चार्ल्स ब्लॅगडेन यांनी याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. पाणी उकळतं त्याहूनही तापलेल्या कोरड्या खोलीत ते आणि त्यांचे सोबती काही मिनिटं थांबले. आत ठेवलेली अंडी शिजून कडक झाली, माणसं धडधाकट बाहेर आली, अंगाचं तापमान जवळपास होतं तेवढंच. कोरड्या हवेत घामाची ताकद एवढी असते.

वेट बल्ब ३५ ला पोहोचलं तर सावलीत, पंख्याखाली, विवस्त्र बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे टिकत नाही, असं २०१० मध्ये शेरवुड आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी गणिताने मांडलं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने नंतर तरुण निरोगी माणसांवर दमट उष्म्यात प्रयोग केले, तेव्हा अंगाचं तापमान ३० ते ३१ वेट बल्बलाच चढायला लागलं. म्हणजे मुंबईतल्या वाईट दिवसांत आपण त्या हद्दीपासून फार लांब नसतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर १४ माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. चाळिशी न गाठलेल्या आकड्यामुळे आपण गाफील राहतो, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

पण नागपूर सुखाचं आहे असं मात्र समजू नका. तिथे हवाच अंगाला उष्णता देत असते आणि घाम वाळतो म्हणून दिसत नाही. तासाला लिटरभर पाणी गेलेलं कळत नाही आणि कपडे कोरडे असतात. दुपट्टा उगाच नाही बांधत लोक.

इराची_आई | १३ मे, दुपारी ३:१०

माझी मुलगी चार वर्षांची आहे. ताप आला की आधी हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात आणि कपाळ तापतं. सासूबाई दुलई घालतात, मी काढते, यावरून आमचं होतं. आणि उन्हाने अंग तापलं तर पॅरासिटामॉल द्यायचं का?

स्वरदा_परळ | १३ मे, सायंकाळी ६:३०

@इराची_आई, जंतुसंसर्गात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या भागात, प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचं रसायन तयार होतं आणि शरीराचं लक्ष्यच ३७ वरून, समजा, ३९ वर जातं. अंग अजून ३७ वर असतं, म्हणून मुलीला खरोखर थंडी वाजते. कातडीचं रक्त आत ओढलं जातं, हात गार पडतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. ३९ गाठलं की थंडी जाते. पॅरासिटामॉलने लक्ष्य खाली येतं, तेव्हा तेच अंग गरम वाटू लागतं आणि घाम फुटून ताप उतरतो. म्हणजे थंडी वाजतेय तेवढा वेळ पातळ पांघरूण घालायला हरकत नाही, सासूबाईंचं तेवढं बरोबर. थंडी थांबली की काढा, तिथे तुमचं बरोबर. जाड दुलईत गुंडाळून ठेवू नका, आणि गार पाण्याने पुसून तिला कुडकुडायलाही लावू नका.

उन्हाने तापलेल्या अंगात लक्ष्य ३७ च असतं. शरीर जिवाच्या आकांताने थंड व्हायचा प्रयत्न करत असतं, ते जमत नसतं. तिथे पॅरासिटामॉलला उतरवायला काही नाहीच. उष्माघातात यकृतावर आधीच ताण असतो, वर ही गोळी कशाला? पुढचं @रातपाळी सिस्टरांनी सांगावं.

रातपाळी | १४ मे, पहाटे ५:४०

उष्माघात ओळखायची खूण म्हणजे डोकं काम न करणं. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या जातायत, झटके येतायत, अंग भाजतंय, तर ती इमर्जन्सी. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं मानू नका. उन्हात अंगमेहनत करताना जो होतो त्यात घामाने निथळत असलेला माणूसही आणलाय आम्ही.

आधी गार करा. १०८ ला फोन दुसऱ्याने करावा, तुम्ही थांबू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर बादलीने पाणी ओता, पंखा लावा. आपल्या दमट हवेत नुसतं ओलं फडकं पुरत नाही, म्हणून बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत लावा. मासळीवाल्याकडे, सरबताच्या गाडीवर बर्फ असतोच, मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. अंग चाळीसच्या वर जितका वेळ राहतं तितकं मेंदूचं, मूत्रपिंडाचं, यकृताचं नुकसान वाढत जातं.

सडेतोड | १४ मे, सकाळी १०:१५

धागा चांगला आहे, पण मला एक खटकतंय. लोक आधीच हजारो रुपयांची फुल बॉडी पॅकेजं करून घेतायत. त्यात नॉर्मल आलं की निदान झोप तरी लागते. आता तुम्ही म्हणता नॉर्मलमध्येही काही दडलेलं असेल. मग उद्या प्रत्येक जण इन्सुलिन तपासा, अमुक तपासा म्हणत लॅबसमोर रांग लावेल. शरीर सांभाळून घेतंय ना? ते त्यासाठीच बनलंय. हृदय उन्हात जोरात चाललं तर बिघडलं काय?

स्वरदा_परळ | १४ मे, दुपारी २:००

@सडेतोड, हृदय उन्हात जोरात चाललं यात बिघडलेलं काहीच नाही. तीच तर तब्येत! रात्री गारवा मिळाला, पाणी पोटात गेलं, झोप झाली की हिशेब पुरा होतो. भीती वाटावी अशी गोष्ट फक्त एकच, भरपाईला वेळच न मिळणं. मुंबईत मे महिन्यात रात्रीही पारा २७-२८ च्या खाली उतरत नाही, आणि पत्र्याच्या खोलीत तर भिंती रात्रभर तापलेल्या असतात. तिथे दुसऱ्या दिवसाची सुरुवातच मागच्या दिवसाच्या थकबाकीने होते. म्हणून उष्णतेच्या लाटेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसं जास्त पडतात.

आणि जादा तपासण्या मी सांगतच नाहीये. इन्सुलिनची तपासणी सगळ्यांनी करावी याला काही अर्थ नाही. मोकळे सोडलेले आकडे बहुतेक फुकट मिळतात. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीची नाडी. लघवीचा रंग. जिना चढताना मागच्या वर्षीपेक्षा जास्त धाप लागते का. कमरेचा घेर, तो आपल्या पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांत ८० च्या आत असावा. शिंप्याची टेप पुरते. पॅकेज नॉर्मल आलं म्हणून वाढत्या घेराकडे काणाडोळा करणारे मला रोज भेटतात, त्यांच्यासाठी लिहिलं.

सडेतोड | १४ मे, दुपारी २:४०

हे पटलं. विशेषतः टेप.

गॅलरीतली_तुळस | १४ मे, रात्री ९:१५

लिहू की नको असं चाललं होतं. आम्ही गिरगावात चाळीत राहतो, संडास गॅलरीच्या टोकाला, सामायिक. आजीला ७८ पूर्ण झाली, बीपीसाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू आहे. रात्री उठून तिथवर जावं लागू नये म्हणून ती चार वाजल्यानंतर पाणीच पीत नाही. विचारलं तर म्हणते, तहानच नाही लागत ग. आणि मी स्वतः फिरतीची नोकरी करते, दिवसभर बाहेर. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाची अवस्था बघून सकाळी घोटभर चहावर निघते आणि घरी येऊनच काय ते. आमच्या ऑफिसातल्या बहुतेक मुली हेच करतात. माझे रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण वर्षात दोनदा लघवीला जळजळ झाली. तुमचं वाचून वाटलं, हेच तर नाही?

स्वरदा_परळ | १४ मे, रात्री १०:५०

तुळस, बरं केलंस लिहिलंस. हेच आहे.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत घेतात. पाणी कमी मिळालं की ती लघवी रक्ताच्या चौपट घट्ट करू शकतात. त्यामुळे रक्तातलं सोडियम जागेवर राहतं, रिपोर्ट नॉर्मल येतो. त्याची किंमत तुझं मूत्राशय देतं. घट्ट लघवी तासन्‌तास साठून राहते, जंतू वाहून जात नाहीत, खड्याला निमित्त मिळतं. बायकांसाठी सार्वजनिक मुताऱ्यांची मागणी करणारी राइट टू पी मोहीम याच शहरात उभी राहिली ती यासाठीच. हा आरोग्याचाच प्रश्न आहे आणि तो बायकांनी कमी पाणी पिऊन सोडवायचा नाही.

जिथे बरी सोय माहीत आहे तिथे पोचायच्या तास-दीड तास आधी पाणी पीत जा, दिवसात दोन वेळा तरी. जळजळ परत झाली तर लघवीची तपासणी करून घे, मैत्रिणीची उरलेली अँटिबायोटिक घेऊ नकोस.

आजीचं वेगळं आहे. वय वाढलं की तहानेची जाणीवच बोथट होते, शरीरात पाणी कमी असूनही. घामही कमी सुटतो. म्हणजे तहान लागली की पी, हा नियम तिच्यासाठी चालत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत वेळा ठरवून पाणी, ताक, पेज द्या, म्हणजे रात्रीची फेरी टळेल. पाण्याची गोळी सकाळीच घेते ना ते बघा. उन्हाळ्यात तिचा डोस कमी करायचा का हे डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. उठताना चक्कर, जीभ कोरडी, एकाएकी गोंधळल्यासारखं बोलणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका.

औषधवाला | १५ मे, सकाळी ११:३०

माझं मेडिकल आहे, ओआरएसबद्दल लिहितो. रोज बघतो, लोक एक लिटरचं पाकीट घेतात आणि चमचा-चमचा ग्लासात टाकून पितात. अख्खं पाकीट एकदम एक लिटर पाण्यात टाकायचं, २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. त्या प्रमाणातच सगळी करामत आहे. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारं एक प्रथिन असतं, मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यातसुद्धा हे दार चालू राहतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून माणसं वाचवली. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, २०२३ मध्ये.

आता गोड जास्त झालं तर उलट आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून फळांच्या चवीची, साखर भरलेली खोकी ओआरएस म्हणून मुलांना देऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, असल्या पेयांच्या नावात ओआरएस लिहायलाच मनाई केली. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

मरीनड्राइव्ह_पहाटे | १५ मे, दुपारी १२:२०

धावणाऱ्यांसाठी एक भर. पाणी जास्त पिणंही जिवावर बेततं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या धावपटूंचं रक्त तपासलं त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. लांब धावताना एडीएच चढलेलं असतं, मूत्रपिंड पाणी सोडत नाही, आणि आपण प्रत्येक टेबलावर ग्लास रिचवत राहतो. रक्त पातळ होतं, मेंदूला सूज येते. आमच्या ग्रुपमध्ये लांब पल्ल्याच्या आधी आणि नंतर वजन करतो. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, एवढं साधं आहे.

दिनचर्या | १५ मे, दुपारी ४:०५

सुश्रुतांनी स्वस्थ माणसाचं लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू यांच्याबरोबर मलक्रियाही सम असावी असं म्हटलंय, आणि पुढे मन-इंद्रियं प्रसन्न असावीत असंही. ताई जे मोकळे सोडलेले आकडे म्हणतात, लघवी, भूक, उत्साह, ते त्या व्याख्येत आलेच आहेत.

स्वरदा_परळ | १५ मे, सायंकाळी ७:१०

@दिनचर्या, खरं आहे. दोष आणि हार्मोन यांची एकास एक जोडी मी लावणार नाही, पण शौच, भूक आणि प्रसन्नता तपासल्याशिवाय स्वस्थ म्हणायचं नाही, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. @औषधवाला, @मरीनड्राइव्ह_पहाटे, दोघांचेही आभार. ऑफिसला जाऊन येण्याच्या घामाला ओआरएस लागत नाही हेही सांगते. लिंबू सरबत, ताक, कोकम पुरे. हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण असतील त्यांनी पाणी-मीठ किती हे डॉक्टरांनाच विचारावं.

साखरपा_ते_सायन | १६ मे, सकाळी ८:००

काका पावाच्या भट्टीवर कामाला आहेत, वर्षानुवर्षं. शिमग्याला गावी गेले ते लांबलं, महिन्याहून जास्त राहिले. परत येऊन पहिल्याच पाळीला उलटी, पायात गोळे, डोकं गरगरलं. मालक म्हणतो, एवढी वर्षं काम करतोस आणि आता काय झालं? काकांनाही वाटतंय आपण म्हातारे झालो.

स्वरदा_परळ | १६ मे, दुपारी १२:३५

काकांना सांगा, वयाचा दोष नाही. उष्म्यात रोज काम करणाऱ्या माणसाचं शरीर एक-दोन आठवड्यांत बदलतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं, कारण अल्डोस्टेरॉन घामग्रंथींतूनही मीठ परत घ्यायला लावतं. रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे तेवढ्याच कामाला नाडी कमी लागते. ही कमाई भट्टीपासून लांब गेलं की ओसरायला लागते आणि महिनाभरात बहुतेक संपते. काका परतले तेव्हा त्यांचं शरीर भट्टीला नवखं होतं, हात मात्र जुन्या सवयीने पूर्ण वेगाने चालले.

अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेचं वेळापत्रक सोपं आहे. उष्म्यात आधी काम केलेला माणूस खंडानंतर परतला तर पहिल्या दिवशी निम्मं काम, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. अगदी नवा मुलगा असेल तर पहिल्या दिवशी २० टक्केच, आणि रोज २० ने वाढवायचं. काकांना आधीच त्रास झालाय, तर पायातले गोळे आणि उलटी थांबून लघवी साफ होईपर्यंत सुट्टी द्या, डॉक्टरांना एकदा दाखवा आणि मग पहिल्या दिवसापासून सुरू करा. पाळीत दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, जेवणात मीठ नेहमीचं. मालकाला हे वेळापत्रक छापून दाखवायचं असेल तर मला मेसेज करा, मराठीत टाइप करून देते.